‘आम्ही’ आणि ‘आपण’ : बालशिक्षणातील प्रार्थनागीतांचा इतिहास

१

मराठीत कोणत्याही कामाच्या आरंभाला ‘श्रीगणेशा’ किंवा ‘ओनामा’ म्हणतात. हे दोन्ही शब्द पंतोजींच्या गावठी शाळेतून भाषेत आले. धूळपाटीवर पहिले अक्षर गिरवण्यापूर्वी मुलाकडून गणेशास नमन करवून घेतले जाई, आणि मागोमाग ‘ओनामासीधं’ हे शब्द घोकवले जात. हे शब्द म्हणजे ‘ॐ नमः सिद्धम्’ या नमनवाक्याचे मुलांच्या तोंडी झिजलेले रूप होय. या वाक्याचा संबंध जैन परंपरेशी व कातंत्र व्याकरणाच्या अध्ययनाशी जोडला जातो. परंतु ते घोकणाऱ्या मुलास यांपैकी कशाचीच वार्ता नसे. त्याच्या दृष्टीने ती शाळेच्या दाराची कडी होती. कालांतराने देवतेचे स्मरण लोपले आणि शब्दात ‘आरंभ’ एवढाच अर्थ शिल्लक राहिला.

लहान मुलांच्या धर्मातीत कार्यक्रमात, म्हणजे शाळेच्या परिपाठात, बालवाडीच्या खेळात किंवा संमेलनात, धार्मिक गीतास स्थान असावे की नसावे, हा वाद गेली दोनशे वर्षे या ना त्या रूपाने चालू आहे. एक पक्ष म्हणतो की, अशी गीते ‘श्रीगणेशा’प्रमाणे केवळ संस्काराची व परिपाठाची बाब होत, त्यांत कोणी धर्म शोधू नये. दुसरा पक्ष म्हणतो की, शब्द कितीही झिजला तरी नमन ते नमनच. दोन्ही पक्षांचे लक्ष गीतात कोणत्या देवाचे नाव आहे याकडे लागलेले असते. या वादाचा महाराष्ट्रातील इतिहास पाहिला असता मात्र असे दिसते की, नाव हा त्यातील गौण भाग आहे. गीत कोण कोणास उद्देशून म्हणतो, आणि ते न म्हणण्याची मोकळीक त्यास आहे काय, हे दोन प्रश्न अधिक मूलगामी आहेत.

२

शाळेबाहेरील बालगीताकडे प्रथम पाहणे इष्ट होईल. आश्विनात मुली भोंडला खेळतात. त्यालाच काही भागांत हादगा म्हणतात; विदर्भ-खानदेशात त्याच्याशी नाते सांगणारी भुलाबाई आहे. पाटावर हत्तीचे चित्र काढून त्याभोवती फेर धरला जातो, गाणी म्हटली जातात आणि शेवटी झाकलेली खिरापत ओळखण्याचा खेळ होतो. पहिल्या गाण्यात गणेशास हाक मारलेली असते. पुढे मात्र गाण्यांचा विषय सासर-माहेर, रुसवेफुगवे, जिन्नसांच्या याद्या आणि निव्वळ यमकांची गंमत हाच राहतो. देवतेला संबोधन आहे, म्हणून व्याकरणदृष्ट्या त्या आरंभास प्रार्थना म्हणावे लागेल. तरीही फेरातील मुलीस आपण उपासना करीत आहोत असे वाटत नाही. याचे कारण शब्दांत नसून खेळाच्या रचनेत आहे. फेर धरणारी मुलगी वाटेल तेव्हा फेर सोडते, शब्द चुकवते, नवे जोडते. कोणी तिला हात जोडून उभे करीत नाही. येथे देवाचे नाव आहे, परंतु आज्ञा नाही.

घरातील सांजवातीच्या वेळचे श्लोक याहून वेगळे. तेथे वडीलधाऱ्यांची शिस्त आहे, परंतु ती त्या घराच्या धर्माची शिस्त आहे. मुसलमान घरात बिस्मिल्लाच्या विधीने मुलाचे अध्ययन सुरू होते, ते त्या घरास धरूनच. घराघरांतून आलेली मुले एका ओळीत उभी राहतात, तेव्हाच खरा प्रश्न उद्भवतो. म्हणजे हा प्रश्न सार्वजनिक शाळेबरोबर जन्मास आला.

३

अमेरिकन मराठी मिशनचे कार्य मुंबईत १८१३ साली सुरू झाले आणि लवकरच त्याच्या शाळा निघाल्या. १८२९ साली जॉन विल्सन मुंबईस आले आणि स्कॉटिश मिशनच्या शिक्षणकार्यास जोर चढला. या शाळांत प्रार्थना व स्तोत्रगान हे शिक्षणाचे अंगच होते. याउलट, सरकारी योजनेत धर्माची अल्पही भेसळ नसावी असे मत गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी १८२३च्या सुमारास नोंदवले होते. त्यामागे तत्त्वापेक्षा लोकक्षोभाची भीती अधिक होती. ती भीती निराधार नव्हती, हे पुढील दोन घटनांनी दाखवले. १८३९ साली विल्सन यांच्या शाळेशी संबंध असलेल्या दोन पारशी तरुणांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा पालकांनी मोठ्या संख्येने मुले शाळेतून काढून घेतली. १८४३ साली नारायण शेषाद्री यांनी धर्मांतर केले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत अल्पवयीन असल्यामुळे न्यायालयाने त्यास पित्याच्या स्वाधीन केले. बाळशास्त्री जांभेकर यांनी त्याला जातीत परत घेण्याचा पुरस्कार केला आणि त्यापायी सनातन्यांचा रोष पत्करला.

श्रीपत शेषाद्रीच्या प्रकरणात जो मुद्दा प्रथम स्पष्ट झाला, तो पुढे शंभर वर्षे टिकला. धर्माच्या बाबतीत अल्पवयीन मुलाची संमती ही संमती नव्हे. ती पालकाची असली पाहिजे, असा तो मुद्दा होय. १८५४च्या वुड यांच्या खलित्याने सरकारी संस्थांतील शिक्षण पूर्णपणे लौकिक ठेवले. अनुदान मात्र उत्तम लौकिक शिक्षण देणाऱ्या कोणत्याही संस्थेस मिळावे आणि तेथील धर्मशिक्षणाकडे निरीक्षकांनी लक्ष देऊ नये, असेही ठरवले. सरकारी शाळा आणि अनुदानित शाळा यांना वेगवेगळा न्याय लावण्याची जी पद्धत आजही आढळते, तिचे मूळ या खलित्यात आहे.

४

शासन तटस्थ राहिले, तरी समाजातील विचारवंत तटस्थ नव्हते. सर्वांना एकत्र म्हणता येईल अशी प्रार्थना असावी ही ओढ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रबळ झाली. दादोबा पांडुरंग प्रभृतींची परमहंस सभा १८४९ साली स्थापन झाली आणि तिच्या विघटनानंतर १८६७ साली मुंबईत प्रार्थना समाज उदयास आला. आत्माराम पांडुरंग, न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्या या समाजाने तुकोबांचे अभंग उपासनेत घेतले. मात्र मूर्तीस तेथे स्थान नव्हते. त्यामुळे ज्या शब्दाचा संकेत पंढरीच्या विटेवरील सावळ्या मूर्तीकडे होता, तो निराकार ईश्वराकडे वळवावा लागला. शब्द तोच राहिला, संकेत बदलला.

महात्मा फुले यांनी याहून धीट मार्ग स्वीकारला. जुन्या नावांना चिकटलेली पुराणे व पुरोहितशाही नको, म्हणून त्यांनी नावच बदलले. त्यांच्या लेखनातील ‘निर्मिक’ हा शब्द केवळ निर्मितीच्या क्रियेवरून घडलेला आहे. त्याला मंदिर नाही, कथा नाही, जात नाही. अहमदनगरात नारायण वामन टिळक यांनी उलट दिशेने प्रवास केला. १८९५ साली ख्रिस्ती झाल्यावर त्यांनी ख्रिस्ती उपासनेसाठी अभंगाच्या वळणाची विपुल पदे रचली. ज्या मराठी ख्रिस्ती मुलांना तोपर्यंत परकीय चालींवर बसवलेली स्तोत्रे म्हणावी लागत, त्यांना वारकरी छंदात ख्रिस्ताला हाक मारता येऊ लागली. अशा रीतीने ‘प्रभू’, ‘दयाघन’, ‘कृपा’ या शब्दांचा एक सामाईक साठा मराठीत तयार झाला. पुढे शालेय प्रार्थना रचणाऱ्यांनी याच साठ्यावर भिस्त ठेवली.

परंतु सामाईक शब्द म्हणजे धर्मनिरपेक्ष शब्द नव्हे. १८८२च्या शिक्षण आयोगाने महाविद्यालयांसाठी नैसर्गिक धर्माच्या मूलतत्त्वांवर आधारलेले नीतिपुस्तक तयार करण्याची शिफारस केली. आयोगाचे सदस्य काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी तीस आपला विरोध नोंदवला. सर्व धर्मांचा अर्क काढून तो शासनाने शिकवावा, ही कल्पना दिसते तितकी निरुपद्रवी नाही. जो जैन किंवा बौद्ध कर्त्या ईश्वरास मानीत नाही, त्याला ‘निर्मिक’ हे नावही आपले वाटणार नाही. नाव जितके व्यापक करावे, तितके कोणीतरी बाहेर राहतेच; मात्र बाहेर राहणाऱ्याची तक्रार ऐकू येईनाशी होते.

५

विसाव्या शतकात हा प्रश्न राष्ट्रीय चळवळीच्या प्रांगणात आला. साबरमतीच्या आश्रमात सामुदायिक प्रार्थनेस मध्यवर्ती स्थान होते. विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य नारायण मोरेश्वर खरे यांनी तिला संगीताची शिस्त लावली आणि ‘आश्रम भजनावली’ सिद्ध केली. संस्कृत श्लोक, संतांची पदे आणि अन्यधर्मीय प्रार्थना हारीने मांडण्याची ही रीत होय. येथे नाव पुसण्याऐवजी सर्व नावे घेण्याचा मार्ग स्वीकारला गेला. मात्र शाळेच्या बाबतीत गांधीजींनी वेगळा विवेक केला. १९३७च्या वर्धा शिक्षणयोजनेत धर्मशिक्षणास स्थान नव्हते. धर्म ज्या रीतीने शिकवले व आचरले जातात त्यातून ऐक्याऐवजी कलह निर्माण होतो. सर्व धर्मांना समान असलेली सत्ये मुलांनी पुस्तकातून नव्हे तर शिक्षकाच्या आचरणातून शिकावीत, अशी त्यांची भूमिका होती.

शब्दांवरून कलह कसा उद्भवतो, याचा प्रत्यय त्याच सुमारास आला. मध्य प्रांत व वऱ्हाडात रविशंकर शुक्ल यांनी ग्रामशाळांची ‘विद्यामंदिर’ योजना मांडली. मुस्लिम लीगच्या १९३८च्या पीरपूर अहवालात या योजनेविरुद्ध आणि शाळांत ‘वंदे मातरम्’ म्हणवण्याविरुद्ध तक्रारी आल्या. संस्कृतात ‘मंदिर’ म्हणजे घर, निवास. मराठीत बालमंदिर, वाचनमंदिर, नाट्यमंदिर हे शब्द रूढ असून त्यांत पूजेचा गंध नाही, असे भाषाशास्त्राच्या आधारे म्हणता येईल. तथापि शब्दाचा अर्थ व्युत्पत्तीने ठरत नाही. ऐकणाऱ्याच्या अनुभवाने ठरतो, आणि वऱ्हाडातील मुसलमान पालकाच्या अनुभवात मंदिर म्हणजे देऊळच होते. ‘वंदे मातरम्’विषयी काँग्रेस कार्यकारिणीने ऑक्टोबर १९३७ मध्ये केवळ पहिली दोन कडवी म्हणावीत असे ठरवले, ते याच जाणिवेने. देवतांची नावे पुढील कडव्यांत येतात. पहिल्या कडव्यांत देशास ‘माता’ म्हणून वंदन आहे. नाव गळले, तरी वंदन उरले. म्हणून वादही पूर्णपणे शमला नाही.

या संदर्भात १९४७च्या एप्रिलमधील दिल्लीची घटना विशेष बोधप्रद आहे. गांधीजींच्या सायंप्रार्थनेत कुराणातील वचने म्हणण्यास श्रोत्यांपैकी काहींनी आक्षेप घेतला. गांधीजींनी ती वचने गाळण्याचे नाकारले. परंतु बहुमताच्या बळावर आक्षेपकांस गप्प बसवून प्रार्थना रेटण्याचेही नाकारले. काही दिवस प्रार्थनाच थांबली. प्रार्थनेच्या आशयाविषयी ठाम राहूनही तीत सामील होण्याच्या सक्तीस नकार देता येतो, हे या घटनेतून दिसते.

६

संविधानसभेत ७ डिसेंबर १९४८ रोजी या विषयावर चर्चा झाली. करातून उभ्या राहिलेल्या पैशावर चालणाऱ्या शाळेत एका धर्माचे शिक्षण देता येणार नाही, आणि इतक्या धर्मांच्या देशात सर्वांचे देणे शक्य नाही, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी प्रतिपादन केले. धर्माचा अभ्यास निराळा आणि सिद्धांत म्हणून श्रद्धा शिकवणे निराळे, हा भेदही त्यांनी त्या वेळी स्पष्ट केला. यातून सिद्ध झालेल्या अनुच्छेद २८ प्रमाणे, पूर्णतः राज्याच्या निधीतून चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. मान्यताप्राप्त व अनुदानित संस्थेत धार्मिक शिक्षणात भाग घेण्याची किंवा धार्मिक उपासनेस उपस्थित राहण्याची सक्ती संमतीशिवाय करता येत नाही, आणि अज्ञान मुलाच्या बाबतीत ती संमती पालकाची लागते. वुडच्या खलित्यातील द्विविध न्याय आणि श्रीपत शेषाद्रीच्या प्रकरणातील पालकाचा अधिकार, दोन्ही येथे एकत्र आले आहेत.

मात्र सामूहिक गीत हे ‘शिक्षण’ की ‘उपासना’ की निव्वळ ‘संगीत’, हे संविधानाने सांगितले नाही. डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने (१९४८–४९) कामाच्या आरंभी काही मिनिटांचे मौन चिंतन सुचवले. मौनाला देवतेचे नाव नसते आणि व्याकरणही नसते. त्या दृष्टीने हा मार्ग निर्दोष होता. परंतु पाच वर्षांच्या मुलास मौन जमत नाही. त्याला गाणे हवे असते. मुंबई राज्याचे तत्कालीन राज्यपाल श्रीप्रकाश यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९६० साली प्राथमिक स्तरासाठी सकाळच्या सामूहिक गायनाची शिफारस केली. कोणते गीत, हे शाळांवर राहिले.

७

मराठी शाळांनी ज्या रचना निवडल्या, त्यांचे व्याकरण तपासले असता एक लक्षणीय गोष्ट आढळते. मराठीत प्रथम पुरुषाच्या अनेकवचनाची दोन रूपे आहेत. ‘आपण’ मध्ये ऐकणारा समाविष्ट असतो. ‘आम्ही’ मध्ये तो वगळलेला असतो. देवास उद्देशून ‘आम्ही’ म्हटले की श्रोता असलेला देव एका बाजूस राहतो आणि रांगेतील प्रत्येक मूल दुसऱ्या बाजूस गोळा होते. त्या ‘आम्ही’तून एकट्या मुलास बाहेर पडण्यासाठी वाक्यात वाट नसते. ‘दे’, ‘कर’, ‘तार’ ही आज्ञार्थी रूपे त्यास याचक बनवतात. गीतात देवाचे विशेषनाम नसले तरी ही स्थिती बदलत नाही. १९७१च्या ‘गुड्डी’ या हिंदी चित्रपटातील, पुढे अनेक शाळांत रूढ झालेल्या प्रार्थनागीतात दात्याचे नाव घेतलेलेच नाही; तरी मागणे कोणाकडे आहे याविषयी मुलांच्या मनात संदेह राहत नाही.

रामदासांचे मनाचे श्लोक याच्या उलट प्रकारचे. त्यांतील संबोधन देवास नसून मनास आहे. आशय मात्र सर्वस्वी रामभक्तीचा. केवळ संबोधनावरून निवाडा करणाऱ्याची येथे फसगत होईल. ज्ञानेश्वरीच्या (शके १२१२) शेवटी येणारे पसायदान तिसऱ्या प्रकारात मोडते. तेथे विश्वात्मक देवाचा उल्लेख तृतीय पुरुषी आहे, आणि मागणे ‘–ओ’ व ‘–आवे’ या शुभेच्छावाचक रूपांत, अखिल प्राणिमात्रांसाठी आहे. ते म्हणणारे मूल याचकापेक्षा साक्षीदाराच्या भूमिकेत अधिक असते.

साने गुरुजींची विश्वप्रेमाची प्रार्थना याही पुढे जाते. तिला प्रार्थना म्हणतात, परंतु तिच्यात देवाला संबोधन नाही. ‘प्रभू’ येतो तो तृतीय पुरुषात, सर्व माणसे ज्याची लेकरे आहेत असा पिता म्हणून. ज्याला देव प्रिय असेल त्याने काय करावे, हे संबंधी सर्वनामाच्या रचनेत सांगितले आहे. देव सर्वांना प्रिय असलाच पाहिजे, असे गृहीत धरलेले नाही. क्रियापदे प्रायः ‘–आवे’ या विध्यर्थी रूपातली आहेत. म्हणजे देवाने काय द्यावे याऐवजी माणसाने काय करावे, हे तेथे सांगितले जाते. प्रथम पुरुषाचा आभास होतो तोही ‘आपण’ या शब्दाने. ही रचना भक्ताच्या लेखणीतून उतरली आहे, यात शंका नाही. तथापि जो मुलगा देव मानीत नाही किंवा निराळा देव मानतो, त्यालाही ती असत्य बोलायला लावीत नाही. अनेक धर्मांच्या मुलांच्या ओठी ती रुळली, याचे श्रेय चालीच्या सुलभतेइतकेच या व्याकरणास द्यावे लागेल.

८

भाषेची ही सोय असली, तरी तिने प्रश्नाचे अर्धेच उत्तर मिळते. उरलेले अर्धे न्यायालयांपुढील प्रकरणांतून दिसते. केरळमधील यहोवाज विटनेस पंथाच्या तीन मुलांना राष्ट्रगीत न म्हटल्याबद्दल १९८५ साली शाळेतून काढण्यात आले. ती मुले राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, परंतु गात नसत. बिजोए इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली त्यांस परत घेण्याचा आदेश दिला. बहुसंख्यांना जे गीत सर्वथा लौकिक वाटते, तेही कोणाच्या श्रद्धेस अडचणीचे होऊ शकते; आणि अशा वेळी गीत रद्द न करता गाणाऱ्यास मोकळीक देता येते, हे या निर्णयाने दाखवले. २०१३ साली मुंबई उच्च न्यायालयाने नाशिक येथील एका शिक्षकाच्या प्रकरणात, प्रार्थनेच्या वेळी हात जोडण्याची सक्ती करता येणार नाही असा निर्णय दिला. केंद्रीय विद्यालयांतील प्रार्थनेविषयीची याचिका २०१९च्या जानेवारीत मोठ्या पीठाकडे विचारार्थ पाठवण्यात आली. तेथे उपनिषदातील वचन धार्मिक की सार्वत्रिक, असा युक्तिवाद झाला. म्हणजे चर्चा पुन्हा शब्दाच्या मूळगोत्राकडे वळली.

नाशिकच्या शिक्षकास नकार देता आला, न्यायालयात जाता आले. केरळच्या मुलांमागे त्यांचे आईवडील उभे होते. बालवाडीतील चार वर्षांच्या मुलास यांपैकी काहीच उपलब्ध नसते. सर्वांचे हात जुळले की त्याचेही जुळतात. पालकाच्या संमतीची तरतूद त्याच्या रक्षणासाठी आहे. पण रांगेतून आपल्याच मुलास वेगळे काढावे असे लिहून देणारा पालक त्याला दररोज सर्वांदेखत एकटे पाडत असतो. म्हणून बहुतेक पालक गप्प राहतात, आणि ते मौन संमती म्हणून मोजले जाते.

ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे, आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाड येथे, बालशिक्षण आदिवासी वस्तीच्या अंगणात नेले. मुलाने शाळेच्या साच्यात बसण्याऐवजी शाळेने मुलाच्या अंगणात जावे, हे त्यामागील तत्त्व धार्मिक गीतांच्या प्रश्नासही लागू पडते. अंगणात भोंडल्याचा फेर होईल, नाताळचे गाणे होईल, ईदचे होईल. तेथे देवाच्या नावाची भीती बाळगण्याचे कारण नाही, कारण फेरातून बाहेर पडणाऱ्या मुलास कोणी विचारीत नाही. जेथे रांग आहे, घंटा आहे आणि मिटलेले डोळे तपासणारी नजर आहे, तेथे मात्र देवाचे नाव गाळूनही गीत लौकिक होत नाही. अशा ठिकाणी शाळेने ‘आम्ही’ म्हणून मागणारे गीत बाजूस ठेवावे, ‘आपण’ म्हणून बोलणारे निवडावे, आणि त्यातही जो मुलगा केवळ उभा राहून ऐकतो त्यास ऐकू द्यावे. ‘श्रीगणेशा’ या शब्दाला ‘आरंभ’ हा अर्थ कोणी आज्ञा करून दिला नाही. तो लोकांच्या मोकळ्या वापरातून आला.